न कापलेला कोंबडा

आषाढातल्या शेवटच्या रविवारी, सानगडीच्या बसस्टॉपवर, जागेश्वरने आपल्या पोरीच्या हाती एक कापडी पिशवी दिली. पिशवीतून लाल तुरा बाहेर आला होता आणि तुऱ्याखालचे दोन डोळे आख्ख्या गावाकडे असे पाहत होते, जणू गाव त्याच्याच मालकीचं.

"मामाच्या हाती देजो," जागेश्वर म्हणाला.

"अन् सांगू काय?"

"काही नोको सांगू. कोंबडा पाहून समजन त्याइले."

उर्वशीला तिथेच समजलं. जागेश्वरच्या घराण्यात एक जुनी रीत आहे. रुसलेल्या सोयऱ्याच्या घरी जिवंत कोंबडा धाडायचा. त्यांनी तो कापला, की त्या दिवशी धाडणाऱ्याला ताटावर बोलवावंच लागतं; त्याच्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. आणि कोंबडा परत धाडला, तर सोयरीक संपली. तोंडाने चुकलं म्हणायची लाज वाटणाऱ्या कोण्या पूर्वजाने ही रीत काढली असावी. त्या घराण्यात अशी माणसं पिढ्यानपिढ्या निपजत आली आहेत.

रुसलेली सोयरी म्हणजे उर्वशीची आई, भावना. दोन वर्षांपासून ती पोरीला घेऊन जवाहरनगरला, फॅक्टरीत नोकरीला असलेल्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहत होती. भांडण दारूचं नव्हतं, दुसऱ्या बाईचंही नव्हतं. भांडण राजाचं होतं.

जागेश्वर पावसाळाभर धान पिकवी आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, हंगामात गावोगावी नाटकात राजा होई. पट्टीचा राजा. पण होळी झाली तरी राजा अंगातून उतरत नसे. भाजीत मीठ कमी पडलं, तर तो ताट पुढे सारून म्हणे, "गृहस्वामिनी, आज सागर आपल्यावर रुसला आहे काय?" पहिली काही वर्षं भावना हसली. मग मिठाची डबी त्याच्यापुढे आपटायला लागली. आणि दोन वर्षांपूर्वी तिची आई वारली, तेव्हा जागेश्वर तिसऱ्या दिवशी पोहोचला, डोळ्यांतलं काजळ नीट न पुसता, आणि बसलेल्या चारचौघांत हात पसरून म्हणाला, "काळा, तुला माझ्याच अंगणातला वटवृक्ष दिसला!" मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने टाळीसाठी हात उचलले होते. भावनाने ते पाहिलं. तेरवी झाली, जागेश्वर निघाला, आणि ती भावाच्या घरून उठली नाही.

तेव्हापासून उर्वशीचे दोन जन्म एकाच देहात चालले होते. कॉलनीत ती उर्वी. तिथे चमच्याने पोहे खायचे, फोनवर 'हॅलो' हळू म्हणायचं, आणि वडील काय करतात असं कोणी विचारलं तर "शेती आणि कला क्षेत्र" असं मामीने शिकवलेलं उत्तर द्यायचं. महिन्यातून दोनदा ती सानगडीला जाई, आणि बसमधून उतरताच उरवशे होई. पावसाळ्यात रोवणीच्या बाया तिला पाहून ओरडत, "अवो, क्वाटरची मॅडम आली! बांधीत खुर्ची टाका वो तिच्यासाठी!" मग ती सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरे आणि पऱ्ह्याची, म्हणजे भातरोपांची, जुडी हातात घेऊन त्यांच्याच ओळीत धान लावी. सोमवारी शाळेत नखांतला चिखल दिसू नये म्हणून तिने गडद जांभळी नेलपॉलिश शोधून काढली होती. कॉलनीतल्या दोन मुलींनी ती फॅशन समजून उचललीही.

पण यंदा मनिषमामाने जेवताना सांगून टाकलं होतं, "पोळा झाला का वकिलाकडे जाऊ. एकदाचं मोकळं करून टाकू. अन् उर्वीचं दहावीचं वर्ष आहे, आता ते सानगडी बिनगडी बंद." भावनाने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

म्हणून त्या रविवारी ती कोंबडा मांडीवर घेऊन बसली, ती परीक्षेचा पेपर घेऊन बसल्यासारखी. साकोलीला कंडक्टर म्हणाला, "ह्याची तिकीट?"

"हा मांडीवर आहे नं काका."

"तोंड खिडकीबाहेर आहे म्हणजे प्रवासी झाला तो." पण त्याने तिकीट फाडलं नाही. कोंबड्याने त्याच्याकडे पाहिलंच तसं.

क्वार्टरच्या दारात मनिषमामाने पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली.

"हे काय आहे?"

"बाबानं धाडलं."

"काही म्हणाला?"

"नाई."

मामा खुर्चीवर बसला. तो पंधरा वर्षं फॅक्टरीत अवघड मशीन सांभाळत आला होता, पण असा फास त्याच्यावर कोणी टाकला नव्हता. "कापला तर त्याले जेवाले बोलवा. परत धाडला तर आपुनच तोडलं म्हणतीन लोक. भावना, तुह्या नवऱ्यानं डोकं लावलं वो."

"डोकं नाई लावलं," भावना स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "उद्या श्रावण लागते, हेही त्याच्या ध्यानात नसन."

खरंच नव्हतं. श्रावणात त्या घरात अंडंही शिजत नसे. म्हणजे कोंबडा आता महिनाभर कापता येत नव्हता, परत धाडता येत नव्हता, आणि तो क्वार्टरच्या मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीखाली उभा राहून हे सगळं ऐकत होता.

राखीमामी पवनीच्या व्यापाऱ्याची लेक. माहेरी तिने कोंबडी फक्त चित्रात पाहिलेली. पहिले दोन दिवस ती मागचं दार उघडेना. तिसऱ्या दिवशी तिने फेकल्यासारखे दोन दाणे तांदूळ टाकले. आठवड्याने ती त्याला भिजवलेले तांदूळ वाटीत देऊ लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात तिने त्याचं नाव 'राजे' ठेवलं.

पण राजेंचा एक गुण कॉलनीला जड गेला. सानगडीत जागेश्वर रोज पहाटे अंगणात उभा राहून भाषणं घोकी. कोंबडा पिल्लू असल्यापासून ते ऐकत वाढला. वाक्यात आवाज उंच गेला, की हा आरवे, आणि जागेश्वर त्याला दाद समजून पुढचं वाक्य घेई. इथे जागेश्वर नव्हता, पण मामीच्या मालिका होत्या. टीव्हीवरची सासू "या घरात मी राहीन नाहीतर ती!" असं किंचाळली, की मागच्या अंगणातून "कुकूऽऽचकू!"

"अगंबाई, बरोबर डायलॉगवर ओरडते हा!" मामी कौतुकाने म्हणाली. समोरच्या क्वार्टरमधले साहेब रात्रपाळी करून दिवसा झोपत. ते तीनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा ते भांडायला आले आणि त्यांचाच आवाज चढला, तेव्हा राजेंनी त्यांनाही दाद दिली. ते परत आले नाहीत.

श्रावण सरत आला, तशी उर्वशी दिवस मोजू लागली. तिचा हिशेब सरळ होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोंबडा कापणार, बाबाला बोलावणं जाणार, आई-बाबा एका खोलीत बसणार. पोळ्याच्या संध्याकाळी मामाने सुरी घासायला काढलीही. आणि राखीमामी मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"राजेंना हात लावून पाहा तुम्ही."

"अवो, तो कोंबडा आहे!"

"मग मले कापा अगोदर."

मामाने सुरी ठेवली, आणि त्याचा चेहरा हळूच उजळला. कापला नाही, म्हणजे बोलवायचं कारण नाही. परतही धाडला नाही, म्हणजे तोडल्याचा ठपका नाही. "बरं," तो म्हणाला, "पाळा तुम्ही. आपुन सोमवारी वकिलाकडे जाऊ."

उर्वशी मागच्या अंगणात गेली आणि कोंबड्यासमोर उकिडवी बसली. "मेल्या," ती म्हणाली, "तुले जगायची एवढी काय घाई होती?" नंतर तिला वाईट वाटलं आणि तिने त्याला तांदूळ टाकले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दाराची कडी वाजली. दारात जागेश्वर. पांढरा शर्ट, तेल लावलेले केस, हातात लाखोरीच्या डाळीची पिशवी. श्रावण संपला, म्हणजे कोंबडा कापला असणार, म्हणजे आपण जेवायला यायचं. मध्ये बोलावणं नावाची एक पायरी असते, ती तो साफ विसरला होता.

मामा गोंधळून म्हणाला, "या भाऊजी." भावना पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. जागेश्वरने तिला पाहिलं. त्याची छाती फुगली, उजवा हात वर गेला. उर्वशीने मनात म्हटलं, नको बाबा, नको.

"हे मानिनी!" जागेश्वर म्हणाला. "दोन वर्षं या सिंहासनावर—"

"कुकूऽऽचकू!"

जागेश्वर थांबला. दाद मिळण्याची सवय होती, पण कापलेला कोंबडा दाद कशी देईल? त्याने पुन्हा सुरुवात केली. "दोन वर्षं या सिंहासनावर धूळ—"

"कुकूऽऽचकू!"

मामी पदर तोंडाशी धरून हसू लागली. मामाने भिंतीकडे तोंड केलं. जागेश्वरने तिसऱ्यांदा श्वास घेतला, तोंड उघडलं, मागच्या दाराकडे भीत भीत पाहिलं, आणि तोंड मिटलं. वर गेलेला हात खाली कसा आणावा, हे त्याला कळेना. तो हात डाळीच्या पिशवीवर येऊन थांबला.

"पुढचं ध्यानात नाई," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "मले बोलता येत नाई, भावना. दुसऱ्यानं लिहून देल्लं तेवढंच येते. तुही माय गेली तवा मी बसमध्ये रडत आलो. दारात आलो अन् लाज वाटली. म्हून ते वटवृक्षाचं बोललो. घाण बोललो."

अंगणात कोंबडा गप्प होता. लहान आवाजाला आरवायचं त्याला ठाऊक नव्हतं.

भावना दारातून दोन पावलं पुढे आली. "हे कोणी लिहून देल्लं?"

"कोणीच नाई."

"मग हात धुवा," ती म्हणाली. "वांग्याची भाजी आहे. कोंबडा जित्ता आहे."

सगळे ताटावर बसले. भाजीत मीठ कमी होतं. उर्वशीने वडिलांकडे पाहिलं. जागेश्वरने घास चावला, गिळला, आणि म्हणाला, "मीठ दे वो जरा." भावनाने मिठाची डबी उचलली आणि आपटली नाही, त्याच्या ताटाशी ठेवली.

हात धुतल्यावर मामा घसा खाकरून म्हणाला, "ते सोमवारचं—"

"सोमवारचं राहू दे," भावना म्हणाली. "मी सानगडीले येतो म्हणून नाई सांगत. पण कोंबडा अजून कापला नाई. जेवण बाकी आहे. तो जित्ता आहे तवरी ह्याइले येत राहा लागन. अन् उर्वीले न्या-आणाले लागन कोणीतरी."

"अन् तो कापायचा नाही," राखीमामी लगेच म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

जागेश्वर काहीतरी मोठं बोलायच्या बेतात होता. त्याचा हात उठलाही. पण मागच्या अंगणात पंख फडफडले, तसा त्याने हात खाली घेतला आणि पोरीला म्हणाला, "चाल वो, बसपर्यंत सोडून दे मले."

उर्वशी चपला शोधायला वाकली. कॉलनीची जोडी दाराच्या आत होती, सानगडीची बाहेर. घाईत एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरी आली, आणि ती तशीच निघाली.