गुंगी न आणणारी पुडी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आताही धड सांगता येईल की नाही, देव जाणे.

मी विंझरचा. दुष्काळाच्या आदल्या वर्षी पुण्यात औषधांच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो. पिंजरे झाडायचे, पावडर डिंकाच्या पाण्यात खलून उंदरांना पाजायची, काय होतं ते वहीत उतरवायचं — एवढंच काम. पण गावात मला 'डॉक्टर' म्हणायचे. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

धाकटी बहीण इंदू शिवऱ्याला दिलेली. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं आणि तिनं धसका घेतला. भांडं पडलं तरी दचकायची, छाती धडधडायची. भोरच्या डॉक्टरांनी मन शांत व्हायच्या गोळ्या दिल्या, तर भाकरी थापता थापता डुलक्या. सासू म्हणायची, "सून हाय का सुस्त म्हस?" इंदू मला म्हणाली, "दादा, झोप न येणारं काय असंल तर बघ की."

त्याच सुमारास आमच्याकडे एक नवी पावडर आली होती. त्याच गोळ्यांच्या घराण्यातली. साहेब म्हणाले, रचनेत क्लोरीनचा एक अणू तेवढा जास्त. गुंगी येते का बघायला उंदीर फिरत्या दांडीवर ठेवायचे; नेहमीचं औषध पाजलेला त्यावरून घसरून पडायचा. हिचा उंदीर पडेचना! मी ठरवून टाकलं — ही शांतही करते आणि गुंगीही आणत नाही. शांत करते हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. उंदीर पडला नाही, एवढंच मी पाहिलं होतं. वा रे डॉक्टर! चोरून पुडी बांधली आणि रविवारी इंदूला दिली. चिमूटभर, सकाळ-संध्याकाळ. कुणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल.

मंगळवारी साहेबांनी त्या पावडरीची मात्रा वाढवली. उंदीर आधी थरथरले, मग पाय ताठ झाले, तोंडाला फेस. त्याच घराण्यातली, पण उलट्या गुणाची निघाली. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. आणि शिवऱ्याला गेलो का? नाही. रजा मागितली तर कारण विचारतील — एका चिमटीनं काय होतंय — बुधवार गेला, गुरुवार गेला. अरे, एसटीत बसायला काय धाड भरली होती मला?

शुक्रवारी चुलीपुढंच तिला फिट आली. उजवा हात निखाऱ्यात गेला.

रविवारी सासरच्यांनी तिला विंझरला आमच्या दारात आणून बसवलं. "फिटंची पोर आमच्या गळ्यात बांधली!" वडिलांनी डोक्याचा पटका काढून त्यांच्या पायांवर ठेवला. "न्हाई हो, माज्या लेकीला कदी फिट आली न्हाई." सुट्टीचा घरी आलेला मी चौकटीला धरून उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिचा संसार वाचला असता.

नवऱ्यानं दुसरी केली. इंदू विंझरलाच राहिली, भाजून आखडलेल्या हातानं भातं लावत. तिला पुन्हा कधी फिट आली नाही.

पण खरं सांगायचं ते हे नाहीच. हे सगळं भेकडपणात बसतं. तिला दारात आणून बसवलं त्याच दिवशी, आई पाण्याला गेली तेव्हा इंदूनं कनवटीची पुडी काढून माझ्या हातात दिली. निम्मी उरली होती. म्हणाली, "कुणाला कळू दिलं न्हाई, दादा. पर म्या दोनदा घ्यायची चुकले. त्यानंच आसं झालं आसंल का रं?"

मी म्हणालो, "व्हय."

ती मरेपर्यंत तेच खरं मानत होती.