हलले नाही, म्हणून

आमच्या कॉलेजात वीज वाचवायची म्हणून नवे दिवे बसवलेत. खोलीत हालचाल नसली की ते आपोआप बंद होतात. मला बरंच वाटलं होतं. रिकाम्या वर्गांत दिवसभर जळणारे दिवे बघून माझं डोकं उठायचं.

काल तास संपवून स्टाफरूममध्ये गेले. खोलीला खिडकी नाही, आत मिट्ट काळोख. पाऊल टाकलं तसा उजेड झाला आणि कोपऱ्यात साळवीबाई दिसल्या. गेल्या महिन्यात त्यांचे यजमान गेले. परवाच त्या कामावर रुजू झाल्यात.

“अहो, अंधारात काय बसलात?”

“उजेडातच बसले होते. हलले नाही, म्हणून दिवे गेले.” मग म्हणाल्या, “दिव्यांना वाटलं, इथे कुणी नाही. खरंच आहे म्हणा.”

यंत्राला काय बोल लावायचा? गप्प बसलेलं माणूस आपल्याला तरी कुठे दिसतं?

मी त्यांच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने दिवे पुन्हा गेले. नुसता हात हलवला असता तरी आले असते. पण माझ्या हातात त्यांचा हात होता.