ठोके आण्णांचा कान

आण्णा कुठलीही वस्तू आधी ठोकून बघायचे. शाळेचं बाक असो, दवाखान्याची खाट असो, नाहीतर चहाचा कप. मधलं बोट वाकवून दोन ठोके द्यायचे आणि कान लावायचे. आमच्या माण तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत ते खरेदीचं काम बघत. खरं आडनाव मागं पडून ते 'ठोके आण्णा' झाले, आणि परगावचे ठेकेदार तर त्यांना आदरानं 'ठोके साहेब'च म्हणायचे.

हा कान सगळीकडं चालायचा असं नाही. ठोकून आणलेलं कलिंगड हमखास पांढरं निघायचं. "आवं, सरकारी खरेदी घरात आणू नगासा," त्यांची बायको, आमच्या काकी, म्हणायच्या. आण्णा मीठ लावून फोडी खायचे.

मी तेव्हा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होतो. नववीत शाळा सुटली, ती सुटलीच. टँकर वस्त्यांवर निघायच्या आधी आण्णा टाकीवर ठोके द्यायचे. भरलेली टाकी मुकी असते, रिकामी वाजते. "बोलत न्हाई, म्हंजे भरलीय. हाण गाडी!"

मग शहरातून एक पथक आलं. सरकारी खरेदी कशी जोखायची आणि कशी सुधारायची, याचा त्यांना प्रयोग करायचा होता. शेजारच्या तालुक्यात जुनीच पद्धत, आमच्याकडं नवी. नुसता स्वस्त दर बघायचा नाही, दर्ज्यालाही गुण द्यायचे. आण्णा खूश झाले. मग त्यांनी गुणांचा कागद वाचला. गाडी कुठं आहे ते दाखवणारं यंत्र, त्याला गुण. ड्रायव्हरला गणवेश, त्याला गुण. ड्रायव्हर दहावी पास, त्याला तर भरघोस.

"साहेब, पाण्याला किती?"

"पाणी गृहीत धरलंय," पथकाचे साहेब म्हणाले.

आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यो गडी नववीतनं आलाय. पर चढाला टँकर काय दाखला मागत न्हाई, साहेब."

साहेब मनापासून हसले, आणि माझ्या मालकापुढं शून्य मांडलं. ठेका गेला. मालकाकडं तेवढा एकच टँकर, त्यामुळं माझी नोकरीही गेली.

नवा टँकर वस्तीवर आला. ड्रायव्हर कडक इस्त्रीत. आण्णांनी पथकासमोरच ठोकलं. टाकी देवळातल्या घंटेसारखी वाजली.

"निम्मी हाय."

साहेबांनी मोबाइल बघितला. "पण वेळेवर पोचलीय."

"गाडी पोचली. पाणी कवा येणार?"

साहेब विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "प्रयोग चालू असताना कागद बदलता येत नाही. निष्कर्ष बिघडतो." वस्तीवरच्या बायका अर्धी घागर घेऊन घरी गेल्या. निष्कर्ष शाबूत राहिला.

तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय आण्णा कचेरीला झाडूही घेत नसत. माझ्या नोकरीसाठीही त्यांनी तीन ठिकाणी शब्द टाकला. एकाला दहावी पास हवा होता. दुसरा पगार बरा देत होता, पण रात्री गोदामात झोपायचं. तिसरा विट्याकडचा, सोनं गाळून शुद्ध करणारा. दुकान लांब तमिळनाडूत, कोइमतूरला. पगार कमी, पण जेवण मालकाच्या घरचं.

"हितं जा," आण्णा म्हणाले. "तू लय काळजी करतोस गड्या. पोटात घरचं असलं म्हंजे काळजीबी जरा बेतानं हुती."

एसटीत चढताना मी म्हणालो, "आण्णा, तिथली भाषा न्हाई येत. जमंल का?"

त्यांनी चारचौघांत माझ्या छातीवर दोन ठोके दिले आणि कान लावला. "बोलत न्हाई. भरलेला हायस. हाण गाडी!"

खरं सांगायचं तर भीतीनं मी पार रिकामा होतो. कलिंगडासारखाच आण्णांचा कान तिथं चुकला होता.

आण्णा गेल्याचं मला इथं कोइमतूरला फोनवर कळलं. इथं सोनं आगीत तपासतात, ठोकून नाही. मालकानं नुसती हाक मारली तरी अजून मला आपलं काहीतरी चुकलं असंच वाटतं. मग भट्टीपाशी जाताना मी हळूच छातीवर दोन ठोके देतो. अजून थोडं वाजतं. पण आण्णांनी माल पास केलाय. आता तो भरलेला निघायला नको का?