वहिनीची चिनी मातीची कुंडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सभेत नाही, पत्रकात नाही, घरात तर नाहीच. आणि मान खाली घालून सांगतोय अशी समजूत करून घेऊ नका. त्या दिवसाचा मला अभिमान होता — अजून आहे. तोच तर सलतो.

तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील. विलायती कापड, विलायती साखर, विलायती काच — एकही जिन्नस मी सोडला नाही. ज्या सोलापुरात गल्लोगल्ली माग खटखटतात, तिथं मँचेस्टरचं धोतर नेसायचं? सुरुवात मी घरातून केली. थोरल्या भावाची, दादाची, टोपी; आईच्या सुया; माझी स्वतःची दौत — सगळं बाहेर. राहिली एक कुंडी.

ती वहिनीची. वहिनी बेळगावची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक झाड आलं — सीतेची वेणी. फांदीला मुळांनी धरून राहणारं, साहेबलोक ज्याला ऑर्किड म्हणतात ते. तिच्या वडिलांनी रानातून आणलेलं. ते वारले, आणि त्यांचं म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं. कुंडी चिनी मातीची, पांढरी, निळ्या वेलाची, अंगभर भोकं पाडलेली. कुठल्याशा साहेबानं मायदेशी जाताना त्यांना दिलेली. बुडाला इंग्लंडचा शिक्का. आत माती नाहीच — कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या. आई बघतच राहिली. "माती न्हाय, शेण न्हाय, वारा खाऊन जगतंय व्हय ह्ये? लई शहाणं हाय की!"

वहिनी हसून म्हणाली, "मातीत पुरलं की मरतं ते, सासूबाई."

हे मी ऐकलं होतं. लक्षात ठेवा.

कुंडीवरून आमची जुंपायची. मी शिक्क्यावर बोट ठेवायचो. ती म्हणायची, "भाऊजी, झाड बघा की. भांड्याचं बूड काय बघताय?" मग एकदा तीच म्हणाली, "कुंभाराकडून भोकांची कुंडी करून आणा, आनंदानं बदलते." सरळ गोष्ट होती. मी गेलो का? — नाही. कुंडी बदलायची मला घाईच नव्हती. मला ती फोडायची होती.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली आणि वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना झाड माझ्या हवाली केलं. म्हणाली, "तुमचे दादा विसरतील. तुम्ही शब्द मोडायचे नाहीत."

आणि त्याच सुमारास चौकात विलायती मालाची होळी ठरली. कापड काय, सगळेच आणणार. कापड मुकाट्यानं जळतं. मला आवाज हवा होता.

सोप्यातल्या आकड्यावरून कुंडी खाली उतरवली. मुळं आतून घट्ट चिकटलेली, काही तर भोकांतून बाहेर येऊन पुन्हा आत वळलेली. झाड वाचवायचं तर कुंडी घरीच हलक्या हातानं फोडायची, आणि खापरं मुळांसकट दुसऱ्या भांड्यात बसवायची. मला कळत नव्हतं का? कळत होतं. हातोडी आणलीही होती. पण घरी फोडली तर चौकात काय फोडणार? — हातोडी ठेवली आणि चाकू घेतला. मुळं खरवडून काढली. कुंडीला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही.

झाड एका साध्या कुंडीत, आपल्या काळ्या मातीत, दाबून पुरलं. वर शेणखत. या मातीत काय उगवत नाही, असं स्वतःशी म्हणालोदेखील. कुणाला फसवत होतो?

चौकात मी ती कुंडी डोक्यावर धरली. बोललो काय ते आठवत नाही. आवाज आठवतो — आधी फुटल्याचा, मग माणसांचा. दादा गर्दीत होता. त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या ताठ मानेनं मी पुन्हा कधी घरी आलेलो नाही.

चैत्र लागेस्तोवर झाड सडलं. वहिनी बाळाला घेऊन आली, आणि उंबऱ्यातूनच तिची नजर सोप्यातल्या रिकाम्या आकड्याकडे गेली. मी म्हणालो, "ऊन लागलं, वहिनी. झाड गेलं. मग रिकामी कुंडी कशाला ठेवायची, म्हणून चौकात फोडली." बस्स. आधीचं नंतर केलं, नंतरचं आधी. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर पत्रकात मी त्याची सालटी काढली असती.

ती भांडली असती तर! ती म्हणाली, "माझंच चुकलं. असल्या उन्हात आणायलाच नको होतं." मग म्हणाली, "बाबांची कुंडी देशाच्या कामी आली, हे मात्र बरं झालं." हे ती अजून सांगते — आल्यागेल्याला, मान वर करून.

पुढं मी कुंभाराकडे गेलो. भोकांची कुंडी करून घेतली — लाल, खरबरीत, बिनशिक्क्याची. वहिनीच्या भावानं नवं झाड पाठवलं. गेल्या ज्येष्ठात ते फुललं. गुलाबी घोस, वेणीसारखा खाली लोंबलेला. आता आळीतल्या बायका विचारायला येतात, कुंडी कसली घ्यावी? वहिनी मला हाक मारते. मी सांगतो, आणि झोकात सांगतो — भाजल्या मातीची घ्या, अंगाला भोकं हवीत, मुळांना वारा लागू द्या, माती घालू नका. साहेबाच्या कुंडीपेक्षा ही सरस आहे. यावर कुणाशीही वाद घालायला मी आजही उभा आहे. स्वदेशीत खोट नव्हती. माझ्यात होती.

"आमच्या भाऊजींनी शोधून काढलं हो हे सगळं," वहिनी बायकांना सांगते. मी नाही म्हणत नाही.

मग कुंडी उतरवून मी मुळं दाखवतो. टोक हिरवं असलं की झाड जिवंत आहे असं समजावं, हे शिकवतो.

त्या दिवशी चाकूखाली होती ती टोकंही हिरवी होती. मी बघितली होती.