भोपळ्याच्या फुलांची भजी

लिवताना चुका हुतील, माफ करा. आठवीतनं शाळा सुटलीया, टायपिंगला लय येळ लागतो.

शेजारच्या काकूंनी परड्यात भोपळ्याचा एकच वेल लावलाय. ज्या फुलामागं बारका भोपळा नसतो ते फूल बिनकामाचं, आसं मला वाटायचं. म्हणून मी न इचारता ती फुलं कळ्यासकट खुडायची आन भजी करायची. काकूंनाबी द्यायची. त्या म्हणायच्या, "पोरीच्या हाताला चव हाय."

आज सकाळी भजी द्यायला गेले, तर काकू बांधावर द्राक्षवाल्या बापूदादांशी भांडत हुत्या. "आरं, तुझ्या फवाऱ्यानं मधमाशा मेल्या! माझं बारकं भोपळं पिवळं पडून गळाय लागलं!"

दादा वेलाजवळ आले. "आवं काकू, ही बघा की माशी फुलात. पण वेलावर नर फूल एकबी न्हाई. त्याची पिवळी पूड माशीनं ह्या फुलात आणली तरच भोपळा धरतो. नर फुलं खुडली कुणी?"

काकूंनी माझ्या हातातली ताटली बघितली. "म्हंजी माझं भोपळं मीच खाल्लं व्हय गं?"

दादा हसले. माझ्यामुळं त्यांनी फुकट बोलणी खाल्ली, आन मला माफीबी मागता आली न्हाई. ताटली तिथंच ठेवून पळाले.

गावात कुणाच्या वेलाला नर फुलं हायत का? सकाळी येऊन न्हेते, हातानं पूड लावते. आन काकूंच्या समोर जाऊन काय बोलू, त्येबी सांगा.

थांबा, आमची म्हैस व्याली! रेडी झालीया. काकूच पयल्या पळत आल्यात.