बिजागरीची मागची बाजू

पृथ्वीवर तयार झालेली वस्तू सरळ ठेवण्यासाठी असते, हे माझ्या साडभाऊंना आजवर कोणीही पटवू शकलेलं नाही. त्यांच्या मते वस्तूची खरी बाजू म्हणजे बूड, कारण ती कुठल्या देशातून आली हे तिथं लिहिलेलं असतं. कुणाच्याही घरी गेले की ते आधी चपला काढतात आणि मग हाताला लागेल ते उचलून उलटं करतात. मी गणिताचा मास्तर आहे, फुगवून सांगायची मला सवय नाही. वैजापूरला एका साखरपुड्यात त्यांनी अर्ध्या तासात अकरा वस्तू उलट्या केल्या, हा माझा स्वतःचा मोजलेला आकडा आहे. अकरावी वस्तू बशी होती आणि तिच्यात चहा होता. तो नवरदेवाच्या चुलत्यांच्या धोतरावर गेला. चुलते ताडकन उठले, तर साडभाऊ बशीवरची नजर न काढता म्हणाले, "बघा, बशी बी बाहेरची! आपल्याकडं काय माती संपली का?" आमच्या बैठकीतला गणपती त्यांनी आडवा केला, तेव्हा मात्र माझ्या बायकोला राहवलं नाही. "दाजी, देवाला तरी सोडा!" गणपती जागेवर ठेवत ते म्हणाले, "देव आपलाच हाय. पण आलाय बोटीतनं."

हे वेड काही जन्मजात नव्हतं. घरची शेती भावांवर सोपवून त्यांनी पडेगावला पत्र्याची शेड उभी केली होती. तिथं सात प्रेस आणि नऊ कामगार दिवसभर दाराच्या बिजागऱ्या ठोकत. त्या आवाजात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे. त्या आवाजातच साडभाऊ शांत असत. एरवी पुंडलिकनगरातल्या घरी जेवायला बसले तरी त्यांचा गुडघा हलत असायचा. एके दिवशी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकानं, एका हार्डवेअरच्या दुकानदारानं, त्यांच्या बिजागरीशेजारी परदेशी बिजागरी ठेवली आणि म्हटलं, "शेठ, ह्या भावात बसत आसंल तर बोला." बसत नव्हतं. साडभाऊ ती बिजागरी खिशात घालून घरी आले आणि पुढं वर्षभर ती बरोबर घेऊनच फिरले. बोलता बोलता ते ती उघडत आणि मिटत. एका दहाव्याला घाटावर सगळे गप्प बसलेले असताना ती खटखट ऐकून कावळा उडून गेला, आणि दुसरा यायला पाऊण तास लागला.

शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या एका दाराला आपली बिजागरी लावली, दुसऱ्याला परदेशी, आणि कोणती आधी मोडते ते पाहायचं ठरवलं. दोन्ही दारं रोज दोनशे वेळा उघडायची. मोजणी अर्थात माझ्याकडं. येईल त्या पाहुण्याला चहाआधी पन्नास वेळा दार उघडावं लागे. "माझ्या घरी माणसं यायची बंद झाली," आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कपाळाला हात लावून म्हणायची. चार महिन्यांनी आकडा चोवीस हजारांवर गेला. दोन्हींपैकी एकही मोडली नाही, पण आधी करकरायला लागली ती आमची. साडभाऊंनी कपाटापुढं मांडी घालून ती परदेशी बिजागरी बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "पत्रा पातळ हाय त्याचा. पण पिन लई ब्येस बसवलीय त्यानं." त्यांनी आपली पिन बदलली, माल सुधारला, तरी भाव काही गाठता येईना. नऊ कामगारांचे चार झाले. एका व्यापाऱ्यानं शेड भाड्यानं मागितली, तीही परदेशी माल ठेवायच्या गोदामासाठी. मी कागदावर मांडून दाखवलं की भाडंच परवडतं. "आकडे बरोबर हायेत, गुर्जी," ते म्हणाले, "पण मंग शेडमधी आवाज कशाचा यील?" त्या महिन्यात ते घराच्या गच्चीवर इतके फिरले, की खालच्या खोलीत झोपणाऱ्या आक्कानं आपली खाट बाहेरच्या खोलीत हलवली.

शेड द्यायचं जवळजवळ ठरलं, आणि तेवढ्यात मुंबईच्या एका निर्यातदाराकडून मागणी आली. आफ्रिकेतल्या एका देशाला ऐंशी हजार बिजागऱ्या हव्या होत्या. आक्कानं पेढे वाटले, गेलेले पाचही कामगार परत आले, सातही प्रेस सुरू झाले. आता गुडघा हलायचा थांबेल असं मला वाटलं होतं. पण माल भरायच्या आदल्या दिवशी साडभाऊ माझ्याकडं आले, बसलेच नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, "गुर्जी, एक हिशोब करा. हातप्रेसवर एक माणूस दिवसाला चारशे नग काढतो. ऐंशी हजाराला किती माणसं?"

"आठ माणसं, पंचवीस दिवस," मी म्हणालो.

"म्हंजे तिथली आठ माणसं महिनाभर बसून ऱ्हातील."

"तिथं बिजागऱ्या बनवणारं कुणी आहे की नाही, हेच आपल्याला माहीत नाही, साडभाऊ."

"अन् असंल तर?"

त्यांनी खिशातून आपली नवी बिजागरी काढली आणि सवयीनं उलटी केली. मागं 'मेड इन इंडिया' असा ताजा ठसा होता. परदेशी पाठवायची म्हणून पहिल्यांदाच मारलेला. त्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "तिथला बिजागरीवाला बी आसंच उलटं करून बघंल. अन् मला शिव्या घालंल."

"मग पाठवू नका."

"येडे का खुळे तुम्ही? पाच माणसं परत आलीत माझी!"

माल गेला. तक्रार आली नाही, याचाही त्यांना त्रासच झाला. "उघडून तरी बघितलं का न्हाय कुणी?" असं ते महिनाभर त्या निर्यातदाराला विचारत राहिले. पुढची मागणी येईल की नाही ते अजून कळलेलं नाही. शेड मात्र अजून वाजते आहे.

परवा त्यांच्याकडं गेलो तर आक्का कुरकुरत होती, की कपाटाचं ते परदेशी दारही आता आवाज करतं, बिजागरी एकदाची काढून टाका. मला वाटलं, या दिवसाची तर हे किती वर्षं वाट बघत होते! साडभाऊ उठले, शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आले, आणि त्या परक्या पिनेवर दोन थेंब सोडून दार हळूहळू पुढंमागं करत राहिले. मी जुन्या सवयीनं मोजत होतो. बाराव्या वेळी आवाज थांबला. तरी ते आणखी थोडा वेळ दार हलवत उभे होते.