रिकाम्या बाटल्यांचं नाक

गल्लीत तिला सगळे नाकाडी म्हणत, अगदी तोंडावर. ती रागवायची नाही. बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. लोकांनी आणलेल्या सोड्याच्या आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्या घ्यायच्या, एकेकीच्या तोंडाशी नाक न्यायचं, चांगली असेल ती क्रेटमध्ये उभी करायची आणि अनामत परत द्यायची. कारखान्यात याच बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जात. धुण्याचं यंत्र मळ काढतं, पण बाटलीत मध्यंतरी कुणी रॉकेल ठेवलं होतं की आणखी काही, ते यंत्राला कळत नाही. म्हणून बाटल्या घेणाऱ्या अशा प्रत्येक खोलीवर कंपनीने एक नाक बसवलं होतं.

ही खोली होण्याआधी बाटली परत करायची तर पुलापलीकडचं गोदाम गाठावं लागे. गुडघे धरलेली म्हातारी माणसं कुठली जातात तिथवर? बाटल्या नाल्यात पडत, फुटत, कुणाच्या तरी पायात घुसत. तिने कंपनीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे साहेबाने खोली दिली. पण अट घातली: एक जरी खराब बाटली पुढे आली, तरी खोली बंद.

त्या दुपारी क्रेट नेणारा ट्रक जाऊन बराच वेळ झाला होता. तिचा नवरा कोपऱ्यात स्टुलावर बसून रोजच्यासारखा सोडा पीत होता. इतक्यात शाळेच्या बागेचा माळी धापा टाकत दारात आला.

"ताई, सकाळी आमच्या हिने बाटल्या दिल्या ना? त्यात एक हिरवी होती. गळ्याशी टवका उडालेली."

"होती."

"बाजूला ठेवलीत ना?"

"ट्रकमध्ये गेली."

"तणनाशक होतं हो तिच्यात. मीच भरून ठेवलेलं. हिला काय माहीत, नुसती विसळली आणि दिली पिशवीतून."

तिला ती बाटली लख्ख आठवत होती. टवक्याने ओठ कापू नये म्हणून तिने ती जरा तिरपी धरली होती. वास घेतला होता. काहीच आलं नव्हतं, म्हणून क्रेटमध्ये ठेवली होती.

"वास येतो त्याला?" तिने हळूच विचारलं.

"येतो म्हणजे? डोकं उठतं."

तिने खणातली बामची डबी काढली, झाकण उघडून नाकाशी धरली. मग बोट बुडवून बाम थेट नाकपुडीला लावला. कातडी चुरचुरली. वास आला नाही.

"अगं, सर्दी असेल," नवरा म्हणाला.

"सर्दी कुठेय?"

तिने स्पीकरवर दिराला फोन लावला. ट्रक तोच चालवायचा. तो कारखान्याच्या फाटकापाशी रांगेत उभा होता.

"वहिनी, एवढंच ना? हिरवी, टवक्याची. आत्ता उतरून काढतो आणि फेकतो फोडून. कुणाच्या बापाला कळणार नाही. तुमची खोली वाचली समजा."

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. माळी भिंतीला टेकला. तिच्या हातात मात्र बामची डबी तशीच होती. ही एक बाटली कळली, कारण माळी पळत आला. जे आले नाहीत त्यांच्या बाटल्यांचं काय? नाक आज सकाळी गेलं, की पावसाळ्यात, की त्याही आधी? इतके दिवस ती प्रत्येक बाटलीशी वाकत होती, आणि लोक विश्वासाने बघत होते.

"वहिनी, ऐकताय ना?"

"ती काढ. आणि साहेबाला फोन दे."

"वेड लागलंय का? खोली जाईल."

"दे म्हणते ना."

दिराने आत जाऊन फोन दिला. साहेबाने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, त्याची तिला जास्त भीती वाटली. खोली उद्यापासून बंद, तो म्हणाला. मग विचारलं, "कधीपासून वास येत नाही? तेवढा माल मागे बोलवावा लागेल."

"माहीत नाही, साहेब."

"अंदाजे?"

"नाही सांगता येत."

पलीकडून यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. भरलेल्या बाटल्या एकीला एक आपटत पुढे सरकत असाव्यात.

फोन ठेवून ती वळली. नवऱ्याने सोड्याची बाटली तोंडापासून दूर धरली होती, अर्धी रिकामी. तो बाटलीकडे पाहत होता.

"ही आपल्याच कारखान्याची," तो म्हणाला.

तिने ती त्याच्या हातातून घेतली, सवयीने नाकाशी नेली आणि मग माळ्यापुढे केली. "दादा, तुम्ही बघा."

माळ्याने वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला. "सोडाच आहे. काही नाही."

"मग घ्या ना एक घोट," नवरा म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

माळ्याने बाटली अलगद टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसले. बाहेर कुणीतरी पिशवी खाली ठेवली, काच वाजली. "नाकाडी, आहेस का गं?" म्हाताऱ्या आवाजात हाक आली.